पाचव्या विभागाचे गुडघे

आरोग्य कचेरीत साहेबांच्या खुर्चीमागे शहराचा नकाशा टांगलेला होता. विभाग सात. डोंगरउतारावर गुडघे गेलेले, बाजारपेठेत हमालांचे खांदे, कचेऱ्यांच्या भागात माना. नदीकाठच्या दुसऱ्या विभागात तर मानेपासून घोट्यापर्यंत काही शिल्लक नव्हते. तो लालभडक होता. पाचवा विभाग तेवढा हिरवागार. पन्नाशीपुढच्या माणसांत गुडघेदुखी शंभरात सात.

हा हिरवा रंग नोंदणीबाईंच्या कागदांवरून आला होता. बाईंचे वय एक्कावन्न, नोकरी सव्वीस वर्षे, कागदांत खाडाखोड शून्य. त्यांच्या आकड्यावर शंका घेण्याची कोणाची छाती नव्हती. त्यामुळे साहेबांनी लगेच ठरवून टाकले: पाचव्या विभागातली फिजिओथेरपीची खोली दुसऱ्या विभागात हलवायची. दुखणे जिथे, खोली तिथे.

संध्याकाळी बाईंनी ही बातमी घरी वडिलांना सांगितली. वडील निवृत्त टपालवाले. चौतीस वर्षे दुसऱ्यांचे जिने चढून त्यांनी दोन्ही गुडघे झिजवले होते. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरापर्यंत जायलाही भिंत धरावी लागे. ती खोली गल्लीच्या टोकालाच होती म्हणून रोज जाणे होई, आणि आता ते कोपऱ्यावरून स्वतः वर्तमानपत्र आणू लागले होते. दुसरा विभाग म्हणजे दोन बस बदलून जायचे.

"शंभरात सात?" वडील पायमोजा चढवता चढवता म्हणाले. "मला धरून का?"

"तुम्ही मोजणीला आलाच नाहीत, बाबा."

"कुठे होती?"

"बाकीच्या विभागांची शाळेच्या पटांगणात. आपली कचेरीतच. तिसऱ्या मजल्यावर."

"लिफ्ट चालू झाली वाटतं."

"नाही."

वडिलांनी पायमोजा अर्ध्यावर सोडला. "म्हणजे तीन मजले चढून जे वर आले, त्यांना तू विचारलंस की तुमचे गुडघे दुखतात का?"

पन्नाशीपुढच्या चारशे बारांच्या यादीतले एकशे एकतीसच वर आले होते, आणि बाकीच्यांना बाईंनी 'तक्रार नाही' या रकान्यात मनातल्या मनात बसवून टाकले होते.

सकाळी साहेबांसमोर उभे राहून त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे."

"अहो बाई, पण बातमी छापून आलीय!" साहेब कळवळले. मग जरा नरमले. "घरोघर जाऊन पुन्हा मोजा. शुक्रवारी बारा वाजता नकाशा वर जाणार. दुसऱ्या विभागाचा आकडा आहे साडेएकसष्ट टक्के. त्याच्या वर गेलात तर खोली तुमची."

बाई घरोघर पोहोचण्याआधी वर्तमानपत्र घरोघर पोहोचलेले होते. 'सर्वांत सुदृढ सांध्यांचा विभाग' असा मथळा. आता आपल्यामुळे विभागाचे नाक कापले जावे, असे कोणाला वाटेल?

"गुडघे? लोखंड आहे लोखंड!" कवायत मास्तर दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून म्हणाले.

शिंपीकाका मशीनशी बसले होते आणि त्यांच्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी होती.

"ही कशाला?" बाईंनी विचारले.

"मांजरासाठी. थंडी वाजते त्याला."

"मांजर कुठाय?"

"बाहेर गेलंय."

सोमवारी एकसष्ट घरे झाली. दुखरी माणसे सापडली चार, त्यांतली दोन पाहुणी.

"अगं, माणूस स्वतःचं दुखणं झाकतो," वडील म्हणाले. "दुसऱ्याचं विचार. दुसऱ्याचं झाकायला कोणाला सवड आहे?"

मंगळवारी बाईंनी पहिल्याच दारात विचारले, "तुमच्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत?"

सुनेने खुर्ची पुढे ओढली. "बसा. दोन्ही गेलेत. पण मुलीकडे जायचं असलं की चालतात."

आतल्या खोलीतून आवाज आला, "आधी हिची कंबर लिहा! केरसुणी दिसली की धरते!"

मग काय, धरणच फुटले. एका काकूंनी खिडकीत उभे राहून समोरची अख्खी इमारत मजल्यामजल्याने लिहून दिली. "तिसऱ्या मजल्यावरचा तो टकल्या, त्याचा उजवा. नाही, थांबा, डावा. उजवा त्याच्या भावाचा." शिंपीकाकांना मांजर नाही, हे चौघांनी आपण होऊन सांगितले.

गुरुवारी संध्याकाळी बाईंनी बेरीज साहेबांपुढे ठेवली. दुखरे गुडघे नऊशे सदतीस.

"माणसं किती?" साहेबांनी विचारले.

"चारशे बारा."

"बाई, म्हणजे माणशी सव्वादोन गुडघे होतात!"

"दुबार नावं आहेत, साहेब. काढते."

नावे काढण्यासाठी बाईंनी नियम केला. एका माणसाला निदान दोन वेगळ्या घरांतले साक्षीदार हवेत, आणि साक्षीदाराचे त्या माणसाशी पाणी, भिंत किंवा गाडी लावण्याची जागा यांवरून भांडण नसावे. या शेवटच्या अटीने यादी अर्ध्यावर आली.

शुक्रवारी अकरा वाजता चारशे बारांपैकी दोनशे त्रेपन्न उरली. एकसष्ट पूर्णांक चार टक्के. बाईंनी तीनदा भागाकार केला. तिन्ही वेळा चारच आले.

साहेबांनाही वाईट वाटले. "एक माणूस कमी पडतोय. एखादा घाला ना, कोण बघतंय?"

"असा घालत नाही मी."

बाईंनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. "एक नोंद बाजूला ठेवली होती. सात घरं, सात साक्षीदार, भांडण कोणाशी नाही."

साहेबांनी मोठ्याने वाचले, "बाई, वय एक्कावन्न, दोन्ही गुडघे. जिन्यात मध्येच थांबून कागद चाळल्याचं नाटक करते. कोण ही?"

"मी."

"यादीत आहात?"

"एकशे अठरावी."

"मग वगळलंत कशाला?"

"मोजणाऱ्याने स्वतःला मोजू नये म्हणून." बाईंनी चष्मा पुसला. "तेही खरं नाही, साहेब. लाज वाटली."

साहेब विचारात पडले. "पण वरून विचारलं तर? आकडा एका माणसावर अडलाय आणि ते माणूस तुम्हीच."

"बघा तर मग," असे म्हणून बाई फरशीवर मांडी घालून बसल्या. बसताना जो आवाज झाला तो ऐकून दारातला शिपाई आत डोकावला. मग बाईंनी उठण्याचा प्रयत्न केला. पुन्हा केला. तिसऱ्या खेपेला टेबलाचा पाय धरला, तर टेबलच सरकले.

"लिहा, साहेब," त्या खालूनच म्हणाल्या. "दोनशे चौपन्न."

साहेबांनी लिहिले, सही केली आणि बाईंना हात द्यायला वाकले. अर्ध्या वाटेत त्यांच्या कमरेत कळ आली. ते ना धड उभे, ना धड वाकलेले, तसेच राहिले.

शिपाई धावत आला आणि आधी कोणाला उचलावे या पेचात पडला. "बाई," त्याने विचारले, "साहेबांची कंबरपण लिहायची का?"

"आपल्यात नाही," बाई म्हणाल्या. "साहेब चौथ्या विभागात राहतात."