फिरून येतो

मी डिस्क बोलतेय. कान लावलात तरी काही ऐकू येणार नाही. माझ्यात फिरणारं, खडखडणारं काही नाहीच. म्हणून आमचं दुखणं कुणाला कळत नाही.

जन्म कारखान्यातला, त्याचं कौतुक नको. बनशंकरीतल्या उमाकांतरावांनी मला घरच्या संगणकात बसवलं, तिथून माझं आयुष्य सुरू झालं. ते निवृत्त इंजिनिअर. बायको प्रेमाताई उठायच्या आत ते फिरायला जात आणि जाताना पडद्यावरच्या पिवळ्या चिठ्ठीत काहीतरी लिहून ठेवत. दूध आलंय. उपम्यात शेंगदाणे घाल. ताई खाली उत्तर लिहीत. समोरासमोर बोलण्यापेक्षा दोघं माझ्याकरवीच जास्त बोलत, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

शेवटची चिठ्ठी अशी: 'फिरून येतो. आल्यावर एक विचारायचंय.'

ते परत आले नाहीत. रस्त्यातच कोसळले, आणि गेले.

दिवस-वार झाल्यावर ताईंनी त्या ओळीखाली लिहिलं, 'विचारा.' संगणक बंद केला. सकाळी लावला तर त्यांचं उत्तर गायब, नवऱ्याची ओळ जशीच्या तशी. ताई पडद्याजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, वाचलंत?"

पुढे रोज संध्याकाळी त्या अंदाज लिहू लागल्या. 'पुण्याला परत जाऊया का, हेच ना?' सकाळी पुसलेलं. "हेही नव्हतं तर," म्हणत त्या दोन कप चहा करत. त्या दुसऱ्या कपाची मला भीती वाटायची.

खरं तर मी संपत आले होते. नवं लिहून घ्यायची ताकदच उरली नव्हती. दिलेलं घेतल्यासारखं करायचे आणि वीज गेली की पुन्हा त्याच सकाळी येऊन थांबायचे.

मुलगी वल्लरी आली. तिने भरलेले फोटोही दुसऱ्या दिवशी नाहीसे झाले. "आई, डिस्क जातेय! बाबांचं सगळं यातच आहे." तिने मला शिवाजीनगरला, पुण्याच्या नव्हे, इथल्याच, वादिराजच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात नेलं. ताई मागोमाग आल्या. "त्यांना यातून काढू नका हो," एवढंच म्हणत राहिल्या.

"भूतबीत काही नाही, अक्का," वादिराज म्हणाला. "हिला नवीन लिहायला येत नाही, जुनंच दाखवते. आत्ताच वाचून घेऊया. परत चालू होईल म्हणून सांगता येत नाही."

त्याने मला सावकाश वाचलं. अडखळले की तो पुढे जायचा, मग मागे यायचा. काही फोटो माझ्याकडून गेले. ती ओळ मात्र मी अख्खी दिली.

नव्या डिस्कवर ताईंनी पुन्हा लिहिलं, 'विचारा.' मी शेजारी टेबलावर पडून होते. सकाळी दोन्ही ओळी जागच्या जागी होत्या. ताई बघतच राहिल्या.

"वल्लरी," त्या म्हणाल्या, "ते आले नाहीत गं." आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या.

आता मी खणात आहे, उमाकांतरावांच्या चष्म्याशेजारी. विजेवाचून आतलं सगळं हळूहळू विरत चाललंय. कधी ताई मला हातात घेतात आणि जोडायची वायर शोधू लागतात.

जोडू नका, ताई. माझ्यात अजून तीच सकाळ आहे. ते आत्ताच दार ओढून बाहेर पडलेत.