भंगारात गेलेलं इंजिन

“एकसष्ट अठ्ठ्याऐंशी?” निवृत्त गार्डाने वहीवर बोट ठेवलं. “अहो पोस्टमास्तर, हे इंजिन दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेलं. इथंच उभं राहून निरोप दिला की आपण!”

पोस्टमास्तर ही गार्डाने लाडाने दिलेली बढती; त्यांचा जन्म गेला टपाल निवडण्यात. कोंबडीचे पाय उमटल्यासारखे पत्ते ते एका नजरेत लावत. निवृत्तीनंतर नऊ वर्षं रोज सकाळी या जुन्या स्टेशनाच्या दगडी कमानीखाली दोघं इंजिनांचे नंबर टिपत. नियम एकच: स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलाच आकडा वहीत उतरवायचा.

“त्र्याऐंशी असेल. घाईत झालं,” ते कसनुसं हसले.

गार्ड चहा आणायला गेला. त्यांनी वही नाकाशी धरून पानं मागं उलटली. ते मेलेलं इंजिन या महिन्यात चार वेळा आलं होतं. गेल्या महिन्यात सहा वेळा. मोत्यासारख्या अक्षरात सगळं खोटं! डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला होता, गेलेली नजर परत येणार नाही आणि आहे तीही कमी होत जाईल. बायकोला मात्र त्यांनी सांगितलं होतं, चष्म्याचा नंबर तोच आहे.

घरी परतताना जिना उतरणारी शेजारीण त्यांनी आवाजावरून ओळखली. ते जेवायला बसले. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“मला भीती वाटते गं,” ते बायकोला म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

“भात वाढताना ताट पुढं करता ते भलतीकडंच,” ती म्हणाली. “मला काय कळत नव्हतं?”

दुसऱ्या दिवशी ती सोबत आली. गाडी धडधडत फलाटाला लागली. त्यांना दिसला तो नुसता पिवळा डाग.

“एकसष्ट त्र्याऐंशी,” ती म्हणाली.

त्यांनी पेन उघडलंच नाही. “मी नाही वाचला. नाही लिहिता येणार.”

“मी वाचलाय ना? मग मी लिहिते.” तिने वही ओढून घेतली.

गार्डाने उठून तिला बाकावर जागा करून दिली. ती मान खाली घालून एकेक आकडा काढू लागली. पोस्टमास्तर कान देऊन पेनाची खरखर ऐकत राहिले.

“तीनचं पोट उघडं ठेव हं,” ते हळूच म्हणाले, “नाहीतर आठ वाचतील लोक.”