वळणापर्यंत परत

दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर तो वळला आणि खाली उतरायला लागला.

खांद्यावर जावई होता. जावई म्हणजे वाळू भरलेला माणसाएवढा पुतळा. अग्निशमन केंद्रातल्या सगळ्यांनी त्याला हे नाव ठेवलं होतं, कारण त्याला मानानं उचलून न्यावं लागायचं आणि तो स्वतः काडीची मदत करायचा नाही. वर्षातून एकदा प्रत्येक जवानाला हा जावई खांद्यावर टाकून सरावाच्या मनोऱ्याचा जिना चढावा लागे. खाली साहेब घड्याळ धरून उभे राहत. वेळेत वर पोचला तो बंबावर राहिला, नाही पोचला तो फोनच्या टेबलाकडे गेला.

"ए, उलटा कुठं निघालास?" बंबाचा ड्रायव्हर खालून ओरडला. "जावयाची चप्पल राहिली का खाली?"

सगळे हसले. तो जिन्याच्या वळणावर थांबला, तेव्हा कुठं त्याला कळलं की आपण काय करतोय. तो घाईनं वळून परत चढू लागला. वर पोचला, पण वेळ संपून गेली होती. अगदी थोडक्यात गेली, पण गेली.

"चक्कर आली का रे?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. सवय."

"कसली सवय?"

सगळ्यांसमोर काय सांगणार?

साहेबांनी त्याला आत बोलावून घेतलं. "पुढच्या महिन्यात एकदा परत घेतो. तेवढं नियमात बसतं. पण तेव्हाही गडबड झाली तर माझ्या हातात काही नाही. फोनवर एकच जागा रिकामी आहे आणि ती रात्रपाळीची. तुला माहितीये."

त्याला माहीत होतं. बायको वारल्यावर साहेबांनीच त्याला बंबावर कायमची दिवसपाळी दिली होती. दिवसा मुलांना त्याची थोरली बहीण बघायची, पण रात्री तिला तिच्या घरी जावंच लागायचं. तिकडे अंथरुणाला खिळलेली सासू होती. आणि रात्री बाप शेजारी नसला तर धाकटी झोपायची नाही. ती त्याच्या पाठीला पाठ लावून झोपे. पाठ हलली की जागी होई.

मुलं दोन. थोरला सात वर्षांचा, धाकटी चारची. दोघंही स्वमग्न, पण एकमेकांसारखी मुळीच नाहीत. थोरल्याला अंगाला हात लावलेला खपायचा नाही, आणि धाकटीला घट्ट दाबून धरल्याशिवाय चैन पडायचं नाही. थोरला बोलायचा, पण मोजकं आणि त्याला हवं तेव्हा. धाकटी बोलत नव्हती, गुणगुणायची. तिच्या गुणगुणण्यावरून तिचा बाप तिचा मूड ओळखायचा, जसा ड्रायव्हर आवाजावरून इंजिन ओळखतो.

बायको गेल्यानंतरच्या वर्षात तो चांगलाच सुटला. थोरला टोस्टच्या कडा टाकायचा, धाकटी केळ्याची दोन्ही टोकं. अन्न फेकायचं कसं, म्हणून ते सगळं हा उभ्याउभ्याच खायचा. "तुझ्या पट्ट्याला आता भोकं संपली," बहीण म्हणायची. मग एक दिवस आगीच्या कॉलवर पाइप ओढताना त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले, आणि त्यानं मनावर घेतलं.

पण व्यायाम करायचा कधी? मुलांना सोडून धावायला जाता येत नव्हतं. व्यायामशाळेतल्या संगीतानं थोरला कान झाकून खाली बसायचा. मग उरला घरचा जिना. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि ते सगळ्यात वर राहत होते. धाकटीला त्यानं खांद्यावर घेतलं. दोन्ही हातांनी तिचे पाय छातीशी घट्ट दाबून धरले की ती खूश, आणि त्याला आयतं वजन मिळालं. थोरल्याचं मनगट मात्र धरावं लागे. आई गेल्यानंतर तो एकदा जिन्यावरून जो सुटला, तो थेट रस्त्यावर सापडला होता. हात नको म्हणणारा थोरला मनगटापुरता हात कसाबसा चालवून घ्यायचा.

आणि इथंच ती सवय लागली. प्रत्येक मजल्यावर पोचलं की थोरला वळायचा, अर्धा जिना उतरून वळणापर्यंत जायचा, हात पुढं करायचा, मूठ मिटायचा आणि परत वर यायचा. मग पुढचा मजला. मनगट धरलेलं, त्यामुळं बापालाही खाली जावं लागे आणि परत वर. पहिल्यांदा त्याला वैताग आला. मग वाटलं, बरंच आहे की, तेवढाच जास्त व्यायाम. सहा-सात महिने तो असाच चढत होता. पट्ट्याची भोकं परत सापडली. पण पायांनी काय शिकून ठेवलंय याचा त्याला पत्ताच नव्हता. मनोऱ्यावर तो लागला.

त्या संध्याकाळी त्यानं ठरवलं, ही सवय मोडायची. पहिल्या मजल्यावर थोरला वळला, तसं यानं मनगट घट्ट धरून ठेवलं.

"नाही. आता वर."

"खाली," थोरला म्हणाला.

"वर, बाळा. घरी."

"खाली!" थोरल्यानं स्वतःच्याच हाताला कडकडून चावा घेतला आणि तो असा ओरडला की मजल्यावरची सगळी दारं उघडली. खांद्यावर धाकटीनं बापाचे केस मुठीत धरले आणि तिनंही सूर लावला. बापाला घाम फुटला. शेवटी चौथ्या चाव्याला त्यानं हार मानली आणि तिघं खाली वळणापर्यंत गेले. थोरल्यानं हात पुढं केला, मूठ मिटली, आणि काही झालंच नाही अशा थाटात वर निघाला.

घरी आल्यावर बापानं ती मूठ बघितली. दुरूनच, हात न लावता. "काय आहे रे त्यात?"

थोरल्यानं मूठ उघडली. आत काही नव्हतं.

बहीण टॉवेल घेऊन आली. "आरडाओरडा वरपर्यंत आला. काय झालं?"

"तेच. खाली-वर. ताई, तू त्याला शाळेतून आणतेस तेव्हा कसं चढतेस? तुझे तर गुडघे गेलेत."

"म्हणजे?"

"प्रत्येक मजल्यावर उतरून परत चढायला लावतो ना."

"माझ्याबरोबर नाही करत हो असलं काही." ताईनं कमरेवर हात ठेवले. "तूच लावलं असशील त्याला खूळ. तुझं ते व्यायामाचं वेड!"

तो चकित झाला. फक्त माझ्याच बरोबर? का? रागावला असेल माझ्यावर? की खेळ असेल? मुलांच्या शाळेतल्या बाई त्याला सांगायच्या की या मुलांच्या वागण्याला कारण असतं, फक्त ते आपल्याला दिसेल अशा जागी ठेवलेलं नसतं. आग विझल्यावर राख उकरून ती कुठून लागली हे शोधायचं काम त्यानं पुष्कळदा केलं होतं. तिथं एक गोष्ट शिकवतात: आधी हात लावू नका, आधी बघा.

म्हणून त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मुलं शाळेतून यायच्या वेळी तळमजल्यावर सायकलींच्या मागं उभा राहिला. स्वतःच्याच घरात चोरासारखा.

ताई आली. धाकटी कडेवर, खांद्याला दप्तराची पिशवी, तिचा लांब बंद लोंबत होता. "चल राजा, हो पुढं," ती म्हणाली. तिनं थोरल्याचं मनगट धरलेलं नव्हतं. ती जिन्यात त्याच्या मागं होती, त्यामुळं खाली सुटायची वाटच नव्हती. थोरला टणाटण उड्या मारत पहिल्या मजल्यावर गेला. ताई वळणावर भिंतीला टेकून धापा टाकत उभी राहिली.

थोरला वळला. खाली आला. हात पुढं केला, पिशवीचा लोंबता बंद मुठीत धरला आणि तिला वर घेऊन निघाला.

पुढच्या मजल्यावर तेच, त्याच्या पुढच्यावरही तेच. बाप दबक्या पावलांनी मागून बघत गेला. दारात पोचल्यावर त्याला राहवलं नाही.

"ताई!"

ती दचकली. "मेल्या, जीव घेतोस का माझा! ड्यूटीवर नाहीस?"

"तो तुला न्यायला खाली येतो."

"हो, मग? गुणाचं पोर आहे ते."

"तू म्हणालीस, असलं काही करत नाही."

"अरे, तू म्हणालास की मला खाली-वर करायला लावतो का. मला कुठं लावतो? तोच येतो बिचारा." ताईनं धाकटीला खाली ठेवलं. "पहिल्यापासूनच करतो. तुझी बायको नाही का, हिला कडेवर घेऊन अशीच वळणावर टेकायची, आणि हा तिला असाच न्यायला यायचा. तू ड्यूटीवर असायचास, तू कधी बघणार?"

तो जिन्याच्या पायरीवर बसला. थोरला दाराच्या कडीशी खेळत होता. मी तर त्याच्या बरोबरीनं चढतो, बापाच्या मनात आलं. मग माझ्या वेळी तो कुणाला आणायला जातो?

त्यानं ते विचारलं नाही. विचारून थोरल्यानं सांगितलं असतं असंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं मनगट सोडलं आणि तो मागं राहू लागला. धाकटी खांद्यावर, पिशवी गळ्यात, बंद लोंबता. वळणावर उभं राहायचं. थोरला वरून यायचा, बंद धरायचा, ओढायचा. ओढण्यात तो पक्का होता, ढिलाई खपवून घ्यायचा नाही. बाप हसत हसत चढायचा आणि धाकटी वरून गुणगुणायची. महिनाभर पाय फक्त वरच जात राहिले.

परत चाचणीचा दिवस आला. जावई खांद्यावर टाकला. ड्रायव्हर म्हणाला, "आज पाहुण्याची चप्पल बघून घे रे आधी." त्यानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

पहिला मजला गेला. दुसऱ्यावर पाय अडखळलेच. एवढ्या महिन्यांची खोड एका महिन्यात कशी जाणार? त्यानं मान वळवून खाली बघितलं. वळण रिकामं होतं. मागं कुणी नव्हतं. ज्याला आणायचं तो खांद्यावर होता. मग तो थांबला नाही.

खाली आल्यावर साहेबांनी घड्याळ त्याच्यापुढं धरलं. वेळ शिल्लक होती. ड्रायव्हरनं पाठीत असा धपाटा घातला की जावई परवडला.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा ताई आणि मुलं नुकतीच इमारतीच्या दारात येत होती. "झालं?" तिनं विचारलं.

"झालं. राहिलो बंबावर."

"मग आता तरी उष्ट्या कडा खाणं बंद कर." एवढं बोलून तिनं पदरानं डोळे पुसले आणि वर धूळ फार झाली म्हणाली.

आनंदाच्या भरात त्यानं धाकटीला खांद्यावर घेतलं, ताईच्या कोपराला आधार दिला, आणि शेवटच्या मजल्यावर चौघं एकदमच पोचले. कुणी मागं राहिलं नाही. ताईनं कुलूप काढलं.

थोरल्यानं सगळ्यांकडं एकदा बघितलं. मग तो वळला आणि खाली निघाला.

"अरे, आलो की रे सगळे!" ताई म्हणाली.

"जाऊ दे त्याला," बाप म्हणाला.

त्यानं मनगट धरलं नाही. कठड्याशी उभा राहून तो बघत राहिला. थोरला वळणापर्यंत गेला, थांबला, हात पुढं केला, मूठ मिटली. मग एकेक पायरी, सावकाश, कुणाच्या तरी चालीनं, वर यायला लागला.

बापानं दार पूर्ण उघडलं आणि भिंतीला चिकटून जागा करून दिली.