उलट्या आट्यांची झडप

मी एक जुनी झडप आहे, मित्रांनो, आणि माझी तक्रार इंजिनिअर राडोमिर श्टिंडल यांच्याबद्दल आहे. पहिल्या दिवशी हे गृहस्थ आमच्या बॉयलरघरात आले, ते नमस्कार नाही, चमत्कार नाही, अंगातला कोट काढून सरळ माझ्या चाकावर टांगून मोकळे झाले. मी काय खुंटी आहे? माझ्या चाकावर आजवर एकच वस्तू टांगली गेली आहे आणि ती कोट नव्हे. ती कोणती ते पुढे येईलच.

माझं शिक्षण विचाराल तर अंगावर ओतलेले तीन आकडे, एवढंच. पण माझ्यामागे वाफ किती चवताळली आहे, हे मला कुणी शिकवावं लागत नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. पोलादाचा रस साच्यात ओतला, निवला, तासला, आणि मग आटे पाडायला मला लेथवर चढवलं. तिथेच घोटाळा झाला. महिन्याची शेवटची तारीख होती आणि डोक्यावर सरकारी कोटा. मतौश नावाच्या कारागिराने घाईत लेथ उलटी चालवली आणि माझे आटे उलटे पडले. जगातल्या झडपा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवल्या की मिटतात. मी उघडते. मुकादमाने मला दोनदा फिरवून पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "फिरते ना? मग मोज तिला कोट्यात. तिकडचे लोक शिकून घेतील."

तिकडचे म्हणजे स्तुदेनेत्स गावचे. आमच्याकडे हिवाळ्यात श्वास मिशीवर गोठतो. बॉयलरघरातली वाफ जमिनीखालच्या नळांतून गावात जाते, म्हणून लोक जगतात. इस्पितळाकडे जाणाऱ्या नळावर मला बसवलं. तिकडच्या लोकांनी मला शिकून घेतलं ते मात्र खरं. प्रोकोप नावाचा म्हातारा भट्टीवाला होता. त्याने माझ्या चाकावर लाल रंगाचा जाडजूड बाण काढला. या बाजूला मिटते, उलट बाजूला उघडते. दर वर्षी थंडी पडायच्या आत तो बाण नव्याने रंगवायचा. दुसरा नियमही त्याचाच. नळांच्या भुयारात माणूस उतरला की माझ्या चाकावर लाल रुमाल बांधायचा. रुमाल आहे तोवर माझ्या अंगाला कुणी बोट लावायचं नाही. हीच ती वस्तू, मित्रांनो.

प्रोकोपच्या हाताखाली ब्लाझेना कोत्रबोवा आली तेव्हा ती बावीस वर्षांची होती. शाळा जेमतेम आठवी. कोळशाची राख ओढायला ठेवली होती तिला. एके दिवशी म्हातारा तिला म्हणाला, "हिला उलटी म्हणायचं नाही. हिच्या मनासारखं वागायचं." ती वागली. एक्केचाळीस वर्षं वागली. पुढे पाळीची मुख्य झाली आणि तिचा डोक्याचा लाल रुमाल माझ्या कामाला येऊ लागला. तिला माझी भाषा कळते. मिटताना मी कण्हते, उघडताना शिटी घालते. ती चहा पीत असली, पाठमोरी असली, तरी तिला कळतं मी काय करते आहे.

फाटकावरची पाटी या काळात तीनदा बदलली. आधी सरकारची होती, मग नगरपालिकेची, मग कुणा ऑस्ट्रियन शेठची. पाट्या बदलल्या, पण बाणाला कुणी हात लावला नाही. चौथी पाटी वेस्नार होल्डिंगची. हे प्रकरण निराळं होतं. आज जर्मनीतली कोळशाची खाण घे, उद्या इटलीतलं वीजघर, परवा हंगेरीतली गॅसची टाकी. एखादी कंपनी जरा धापा टाकताना दिसली की यांनी झडप घातलीच! नाव माझं झडप, आणि धंदा त्यांचा.

राडोमिर साहेबांना प्रागहून त्यांनीच पाठवलं होतं. त्यांनी बॉयलरघराच्या भिंतीवर युरोपचा नकाशा लावला आणि त्यावर निळे ठिपके चिकटवले.

ब्लाझेनाने चष्मा कपाळावर सारला. "युरोपला कांजिण्या झाल्यात का, साहेब?"

"ते आपले कारखाने आहेत, बाई. अकरा आहेत. सात देशांत आता आपलं कुटुंब आहे."

"अस्सं. मग लग्नाला बोलावलं नाहीत ते आम्हाला."

तिचा धाकटा भाऊ ओल्ड्रिख तिथेच बसून मिरी लावलेलं आंबवलेलं सॉसेज खात होता. तो नळांचं काम करतो. हसता हसता त्याला ठसका लागला. साहेब हसले नाहीत. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही फार कुरकुरते. ग्रीस भरा हिच्यात."

"तिची जीभ कापू नका," ब्लाझेना म्हणाली, आणि ग्रीसचा डबा तिने कपाटात टाकून कुलूप घातलं. तिच्या या हट्टाचं मोल पुढे कळलं.

सप्टेंबरात ती आठवडाभर अळंबी वेचायला रानात गेली होती. तेवढ्यात रंगारी आले. होल्डिंगचा हुकूम होता की अकराही कारखाने एकाच निळ्या रंगात दिसले पाहिजेत. नळ निळे, शिड्या निळ्या, मी निळी. माझ्या बाणावर दोन हात फिरले आणि साठ वर्षांचं शहाणपण दहा मिनिटांत वाळून गेलं. ब्लाझेना परत आली, माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तडक साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"मला लाल रंगाचा डबा हवाय."

"अर्ज टाका. प्रागहून मंजूर होऊन येईल."

कशाला हवाय, हे त्यांनी विचारलं नाही. आणि ही पडली मानी. विचारल्याशिवाय सांगेल तर ती ब्लाझेना कसली! खरं बोलायचं तर तिचंही तेवढं चुकलंच. तिने अर्ज टाकला. दोन महिन्यांनी दुसरा टाकला. डबा काही आला नाही.

मग उजाडला डिसेंबरचा चौथा दिवस, संत बार्बोराचा. त्या दिवशी आमच्याकडे बायका चेरीची फांदी तोडून पाण्यात ठेवतात, म्हणजे नाताळाला ती फुलते. ब्लाझेनाने आपली फांदी नेहमीसारखी माझ्याशेजारच्या फळीवर बरणीत ठेवली. बाहेर उणे चौदा होतं. दहाच्या सुमाराला अंगणाखालच्या भुयारात सांध्यातली गॅस्केटची चकती फाटली आणि बर्फातून वाफ वर येऊ लागली. इस्पितळाची ऊब फार वेळ तोडून चालणार नव्हतं. ओल्ड्रिखने हातमोजे चढवले.

"चहा टाकून ठेव, ताई. अर्ध्या तासात येतो."

"आधी हिला मिटवू दे, मग मर जाऊन खाली," ती म्हणाली. तिने मला डावीकडे सात फेरे फिरवलं. मी कण्हत मिटले. डोक्याचा रुमाल सोडून तिने माझ्या चाकाला गाठ मारली. ओल्ड्रिख झाकण उचलून लोखंडी शिडीने खाली उतरला. आता त्याच्या आणि त्या वाफेच्या मध्ये एकटी मी होते, मित्रांनो. मी दात आवळून बसले होते.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीत फोन वाजला. इस्पितळातली मुख्य नर्स होती. ऊब कधी येणार, बाळंतिणींच्या खोल्या गार पडल्या म्हणून विचारत होती. ब्लाझेना बोलायला गेली आणि साहेब आत आले.

त्यांच्या हातात होल्डिंगचं नियमांचं पुस्तक होतं. अकरा कारखान्यांना एकच पुस्तक. त्यात लिहिलं होतं की माणूस खाली असेल तर अधिकाऱ्याने झडप स्वतःच्या हाताने तपासावी आणि जास्तीत जास्त घट्ट करावी. माणूस दुष्ट नव्हता. खाली कुणीतरी आहे, त्याच्या जिवाला धोका नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी रुमाल पाहिला. कुणी चिंधी बांधली आहे, असं वाटून तो त्यांनी बाजूला सारला. दोन्ही हातांनी चाक धरलं आणि घट्ट करायला म्हणून उजवीकडे जोर लावला.

मी अंग आखडून धरलं. जुन्या लोखंडाला जेवढं करता येतं तेवढं केलं. त्यांना वाटलं, गंजलीय. त्यांनी पाय भिंतीला लावला आणि हिसडा दिला. माझी पकड सुटली. पाव फेरा, मग अर्धा. वाफ माझ्या दातांतून निसटली आणि पुढे धावली. मी शिटी घातली. आयुष्यात घातली नव्हती एवढी मोठी.

पलीकडे ब्लाझेनाच्या हातातून फोन पडल्याचा आवाज आला.

ती धावत आली ती सरळ साहेबांच्या बरगड्यांत खांदा घालूनच. साहेब कोळशाच्या फावड्यावर जाऊन आदळले. तिने माझं चाक डावीकडे ओढलं. अर्धा फेरा, आणखी अर्धा, मग घट्ट, मग आणखी घट्ट. मी मिटले. कण्हायचंही भान मला राहिलं नाही. ती अंगणात पळाली आणि भुयाराच्या तोंडाशी गुडघ्यांवर पडली. भुयारातून पांढरा लोट वर येत होता. दार सताड उघडं होतं म्हणून मला सगळं दिसत होतं.

"ओल्डा!"

ती आणखी खाली वाकली.

"ओल्डा, मेल्या, ओ दे!"

साहेब दारात येऊन उभे होते. वाफ विरळ होत गेली. तरी खालून काही नाही. ब्लाझेनाने एक पाय शिडीवर टाकला. तेवढ्यात लोखंडाच्या पायरीवर बूट वाजला. मग दुसरा. मग एक हातमोजा दिसला आणि त्यामागे ओल्ड्रिखचं टोमॅटोसारखं लाल तोंड.

"ताई," तो खोकत म्हणाला, "मी चहा टाक म्हणालो होतो. आंघोळीचं पाणी नव्हतं सांगितलं."

तिने खाडकन त्याच्या मुस्काटात मारली आणि मग त्याला छातीशी धरून ती रडू लागली. पहिल्या फुत्काराला तो आडव्या नळामागे पालथा पडला होता, म्हणून वाचला. डावा हात मात्र कोपरापर्यंत सोलून निघाला होता. ज्या इस्पितळाला ऊब द्यायला तो उतरला, त्याच इस्पितळात त्याला न्यावं लागलं. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या दोघांनी सांधा बदलला. माझ्या चाकावर रुमाल होता आणि माझ्यापाशी ब्लाझेना स्टूल टाकून बसली होती. तिथून ती हलली नाही.

मित्रांनो, माझ्या गोष्टीचं तात्पर्य मीच सांगते, दुसऱ्या कुणावर सोडत नाही. जुनी वस्तू हाती आली तर ती पुसा, तिला तेल द्या, रंग द्या, पण आधी ती ज्याच्या हातची आहे त्याला दोन शब्द विचारा. आमची खोड कुठल्याच पुस्तकात नसते. ती माणसाच्या हातात असते, आणि तो हात तुम्ही घरी पाठवलात की आम्ही मुक्या.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. दारातच थांबून त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. कोट हातावरच ठेवला. दुसऱ्या हातात प्रागला पाठवायचा कागद होता आणि त्यावर पाळीच्या मुख्य म्हणून ब्लाझेनाची सही हवी होती.

"माझा चष्मा घरी राहिलाय," ती म्हणाली. चष्मा कपाळावरच होता. "वाचून दाखवा."

साहेबांनी घसा साफ केला. "दोष झडपेचा. झडप भंगारात काढावी. सहीनंतर प्रकरण मिटेल."

माझ्यापुरतं तर जग थांबलं. बरणीतल्या चेरीला तीन दिवसांतच कळ्या धरल्या होत्या; आमच्याकडे ऊब फार. ब्लाझेनाने कागद घेतला, त्याची चौघडी केली आणि तो साहेबांच्या कोटाच्या खिशात परत घातला.

"दोष झडपेचा नाही, साहेब, झडप घालण्याचा आहे. अकरा कारखाने घेतलेत, सात देश निळे केलेत, भट्ट्या घेतल्यात, नळ घेतलेत, आम्हाला घेतलंत. 'बाई, ही कुठल्या अंगाला फिरते?' एवढं विचारलं असतं तर ते फुकट मिळत होतं. तेवढंच घ्यायचं राहिलं तुमचं."