चैतातली चाचणी

जऊळक्याच्या जिनात कापूस ओढणारं मशीन आलं ते एकाहत्तरच्या चैतात. पत्र्याची लांब नळी आणि तिच्या टोकाला माणूस कसाबसा मावेल एवढी पेटी. नळीनं गंजीतला कापूस ओढायचा, पेटीतून तो सरकी काढणाऱ्या रेच्यांवर पडायचा. टोपल्या वाहणाऱ्या बायांचं काम संपलं. उन्हात तापून कडकडीत झालेली उरलीसुरली गंजी मशीननं कपातला चहा निवायच्या आत गिळली.

"काय मिस्त्री, चालते ना?" शालिग्रामशेठनं सगळ्यांसमोर विचारलं.

"पयते, शेटजी!" देवमन म्हणाला. त्याच्या जन्मात पहिल्यांदाच कुणी त्याचं मत असं चारचौघांत विचारलं होतं.

दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार पडला, देवमनचा पगार वाढला आणि टोपलीवाल्या बाया घरी बसल्या. देवमनची बायको विमल तेवढी झाडणीवर राहिली.

मग कार्तिकातल्या गाड्या येऊ लागल्या. हा कापूस दवात वेचलेला, त्यात वजनासाठी कुणीकुणी पाण्याचा हबकाही मारलेला. पूर्वी बाया तो आवारात पसरत, पायांनी उलथत, सासवांच्या कागाळ्या करत दुपारपर्यंत वाळवत. ते काम आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. गप्पाच त्या, असं शेठ म्हणायचे. आता ओला कापूस थेट नळीत गेला आणि पेटीत गच्च बसला.

देवमननं पट्टा उतरवला, पेटीच्या दारातून आत सरपटला आणि हातांनी बोळे उपसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पेटीत मान वर करता येत नव्हती. नाकातोंडात तंतू जात. बाहेर आला की भुवया पांढऱ्या झालेल्या असत.

"बुढा होऊन निंगता तुमी त्याच्यातून," विमल म्हणाली. "शेटजीले सांगून काहून नाई टाकत?"

"काय सांगू? म्याच तं पयते म्हनलं."

"मंग बसा आत. भाकर तिथंच आनून देतो."

बोलली तसं, पण दुसऱ्या दिवसापासून ती उजाडायच्या आधीच जिनात जाऊ लागली. झाडूच्या निमित्तानं आवारात कापूस पसरायची, उलथायची. एकटीच्यानं जेवढा वाळे, तेवढ्यावर मशीन चालायचं. बाकीचं देवमन पेटीत शिरून निभावायचा. शेठ यायचे उन्हं चढल्यावर. त्यांना मशीन धडधडतानाच दिसायचं.

त्या दिवशी मात्र ते लवकर आले. देवमन पेटीतच होता. पत्र्यापलीकडून आवाज आले.

"बंद काहून आहे?" शेठ.

"तेलपानी चालू असंन," दिवाणजी मदनसिंग म्हणाले.

"बरं. दुसरं मशीन सांगितलं म्या कंपनीले. हे इतकं मस्त चालून राह्यलं! आता झाडनीवालीही कायले पाह्यजे? उद्यापासून बंद करा तिले."

देवमन उलटा सरपटत बाहेर आला. तोंडातला कापूस थुंकला.

"शेटजी, हे मशीन चालत नाई."

"काल अख्खी गंजी खाल्ली त्यानं! म्या पाह्यलं ना."

"विमल कापूस वाळवते म्हनून चालते. नाईतं आत फसते. मी आत जाऊन काढतो."

शेठनं मदनसिंगांकडे पाहिलं. दोघंही हसले.

"बायकोचं काम गेलं तं मशीन बिघडलं! चैतात तूच बोलला होता ना?"

"तवा कापूस सुका होता, शेटजी."

"अन् फसलाच, तं काढाले तू आहेस ना? वाढीव पगार कायचा घेतं मंग?" मदनसिंग म्हणाले.

"चाल, सुरू कर," शेठ म्हणाले. "मी इथंच उभा आहो."

पेटी अजून अर्धी भरलेली होती. देवमन पुन्हा आत शिरला. पत्र्याच्या फटीतून आवाराची एक पट्टी तेवढी दिसत होती. तिच्यात विमल आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं झाडू भिंतीला टेकवला, लुगड्याचा काठ वर खोचला, नुकत्याच आलेल्या गाडीतला ओला कापूस ओढून खाली पसरला आणि पायांनी उलथू लागली. तो वाळला की मशीन शेठच्या डोळ्यांसमोर सुरळीत चालणार होतं आणि तिचं काम जाणार होतं. नाही वाळला, तर देवमनला पुन्हा पेटीत शिरावं लागणार होतं.

नको वाळवू, असं त्याला ओरडावंसं वाटलं. त्यानं तोंड उघडलं. आत कापूस गेला, आणि तो नुसता खोकत राहिला.

खोकला ऐकून बाहेर तिचे पाय अधिकच घाईनं चालू लागले.