पाव फेरी सैल

ज्या माणसाने चाळीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केली, त्याच्यापुढे बास गिटार म्हणजे काय मोठंसं? चार तारा, एक लांबलचक लाकडी मान आणि वीसेक स्क्रू. "तासाभराचं काम," मेकॅनिक म्हणाले आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बसले. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि सहाला बायकोचा कार्यक्रम होता.

बायको म्हणजे सिस्टर. नर्सची नोकरी संपून तीन वर्षं झाली, तरी सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणे. साठी उलटल्यावर बाईंनी बास शिकायला घेतला, लोक हसले, आणि आज ती वाचनालयाच्या हॉलमध्ये चौघांच्या ग्रुपबरोबर पहिल्यांदा वाजवणार होती. नेमकी आज सकाळी जाडी तार खरखरायला लागली.

"असली खरखर घेऊन मी चार लोकांत जायची नाही," ती म्हणाली. "जरा बघता का हो?"

बघता का! चार महिन्यांपूर्वी मेकॅनिकनी दुकानाचं शटर शेवटचं ओढलं, तेव्हापासून त्यांना कुणी काही बघायला सांगितलंच नव्हतं. न सांगता मात्र त्यांनी घरातलं सगळं आवळून ठेवलं होतं. नळ दोन हातांनी सोडावा लागे आणि बाथरूमच्या कडीने तर एकदा पाहुण्यांना अर्धा तास आत ठेवलं होतं. आज प्रथमच कुणीतरी आपणहून काम दिलं होतं. ते बिघडवून चालणार नव्हतं.

त्यांची कामाची एक रीत होती. आधी सगळं उघडायचं, पुसायचं, आवळायचं. मशीन नीट चाललं की त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने तारीख घालायची, काय केलं ते लिहायचं आणि खाली सही ठोकायची. सही नसलेलं मशीन त्यांच्या दुकानातून बाहेर पडत नसे.

"रॉकेल नको हं," इस्त्री करता करता सिस्टर म्हणाली.

"एक थेंब..."

"अर्धासुद्धा नको."

मेकॅनिकनी चिंधी ठेवून दिली आणि एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. अरेच्चा! मानेला किंचित बाक होता. सापडला चोर! मशीनचा दांडा वाकला की आवाज येणारच. मानेच्या आत एक लोखंडी सळई होती आणि तिचं नट टोकाशीच होतं. त्यांनी चावी घातली आणि थोडं थोडं करत मान अशी सरळ केली, की वर पोलादी पट्टी ठेवली तर खालून उजेड दिसेना. मग ऐटीत तारा सुरात आणल्या आणि छेडल्या.

आता चारही तारा खरखरत होत्या.

"वा!" सिस्टर मान वर न करता म्हणाली. "सकाळी एकच मधमाशी होती. तुम्ही अख्खं पोळं उठवलंत."

"तू गप्प बस गं. बसेल अजून ते."

ते कसलं बसतंय! त्यांनी होते नव्हते ते सगळे स्क्रू आवळले, पट्टी पुन्हा पुन्हा लावून पाहिली. साडेचार वाजले. कपाळावरचा घाम नाकावर आला. शेवटी त्यांनी चावी वर्तमानपत्रावर ठेवली आणि उभ्या जन्मात न म्हटलेलं वाक्य म्हणाले.

"मला नाही जमत."

सिस्टरने इस्त्री बाजूला ठेवली. "बासच्या बॅगेच्या पुढच्या खिशात एक कार्ड आहे, ते काढा. तार दोन्ही टोकांना दाबायची. मधोमध तिच्याखालून कार्ड अलगद सरकलं पाहिजे. मानेला तेवढा बाक ठेवावाच लागतो. तार थरथरते, तिला जागा नको?"

"आणि हे आत्ता सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

मेकॅनिकनी खिशातून कार्ड काढलं. त्यांच्याच दुकानाचं होतं. कडा मऊ पडल्या होत्या. त्यांनी नट सैल केलं. आधी आपली सगळी करामत उलटी फिरवली, मग वर आणखी पाव फेरी. कार्ड सरकलं. तार सुरात आणून छेडली, तर स्वच्छ, खोल आवाज टेबलातून थेट त्यांच्या कोपरापर्यंत आला.

मग त्यांनी सहज कार्ड उलटलं. मागे सिस्टरच्या बारीक अक्षरात तारखा होत्या. 'पाव फेरी आवळली.' 'अर्धी फेरी सैल.' दोन वर्षांच्या सात नोंदी.

"म्हणजे तुला येतं हे!"

"येतं की."

"मग मला कशाला बसवलंस?"

"सकाळी चावी मीच हातात घेतली होती. तेवढ्यात तुम्ही फ्रिजच्या दाराचे स्क्रू आवळायला बसलात. तिसऱ्यांदा." ती जवळ येऊन बसली. "तुमचा चेहरा बघवत नाही हो मला. दुकान गेल्यापासून घरात पाहुण्यासारखे वावरताय."

"आणि मी वाट लावली असती तर? कार्यक्रम आहे तुझा!"

"पाच वाजले, की तुम्हाला चहा टाकायला पाठवणार होते आणि उरकून घेणार होते."

मेकॅनिकना हसूही आलं आणि डोळेही भरून आले. नाक पुसून ते पुन्हा कार्ड बघायला लागले. प्रत्येक नोंदीखाली पेन्सिलची एक छोटी रेघ होती आणि रेघेवर काहीच नव्हतं.

"ही जागा कशाला सोडलीस?"

"सहीला," सिस्टर म्हणाली. "ती मेकॅनिकची असते ना? मी कशी करणार?"

तिने आजची तारीख घातली, 'पाव फेरी सैल' असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. त्यांनी सही केली. मग चष्मा नीट करून वरच्या सातही जागांवर केली.

"आता चला," सिस्टर बास बॅगेत ठेवत म्हणाली. "आणि तो पान्यांचा डबा घरीच ठेवा."

त्यांनी ठेवला. कार्ड मात्र बॅगेच्या पुढच्या खिशात नीट सरकवलं आणि बॅग स्वतःच उचलली.