कोबीची लावणी

पुतळाबाईने गादीवाफ्यावर झारीने पाणी शिंपडलं. माती ओली असली की रोप मुळासकट अलगद सुटतं. कोबीला पाच-पाच पानं आली होती. उन्हं कलली की लावणी.

तेवढ्यात दोन माणसं लोखंडी साखळी ओढत बांधावरून उतरली आणि तिने काढलेल्या सऱ्यांत खुंट्या ठोकू लागली.

"अरे, शेतान काय करताव?"

"मोजणी, बाई. एका शेठच्या चाळी होणार इथं. श्रावणात विकली ना अनंताने?"

अनंता तिचा धाकटा दीर. सासू गेली तेव्हा एवढासा होता. पुतळाबाईनेच त्याला वाढवलं. नवरा वारल्यावर नदीकाठच्या या जमिनीला कुणाचं नाव लावायचं, असं तलाठ्याने विचारलं, तेव्हा तीच म्हणाली होती, "त्याचाच लावा. तो काय परका हाय?"

भादव्यात अनंताच कल्याणहून बी घेऊन आला होता. "वयनी, औंदा कोबी लाव. तिकडच्या कॅम्पातली लोकं लय इकत घेतात." पाऊस ओसरेपर्यंत ती थांबली. मग राखेत मिसळून बी ओळीत टाकलं, वर सुकं गवत पसरलं, कोंब दिसताच ते उचललं. दुपारच्या उन्हात झावळ्यांची सावली केली.

मोजणीवाले आल्याचं कळून अनंता धावत आला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "श्रावणान इकलीस. मंग भादव्यान बी कनाला आनलास?"

तो म्हणाला, "तू कामात असलीस की काय इचारत नाय, वयनी."

तिच्या हातातली झारी कलती झाली. पाणी पायावर सांडत राहिलं.

मग ती खाली बसली आणि एकेक रोप उपटून टोपलीत रचू लागली. अनंता पुढे झाला. "दे, मी उचलतो." तिने टोपली स्वतःच डोक्यावर घेतली आणि शेजारच्या बनूबाईच्या शेतात गेली.

"बने, दोन सऱ्या देशील? रोपा उद्यापरत टिकाची नाय."

बनूबाईने खुंट्यांकडे पाहिलं, काही न विचारता कुदळ उचलली.

अंधारू लागलं. बांधावरून अनंताने हाक मारली, "वयनी, घरी चल आता."

पुतळाबाईने रोपाच्या बुडाशी माती दाबली. "बने," ती म्हणाली, "सरीन पानी सोर."